टाकीला गाल लावणारे चाचा

मोटारसायकल घ्यायला निघालेला माणूस आधी टायर बघतो, मग इंजिनाखाली तेलाचा डाग पडलाय का ते बघतो. आमचे घरमालक गाडीशेजारी गुडघे टेकून बसायचे, डोक्यावरची टोपी काढून खिशात घालायचे, गाडी सुरू करायला सांगायचे आणि धडधडणाऱ्या पेट्रोलच्या टाकीला उजवा गाल लावून डोळे मिटून घ्यायचे. कधी दोन मिनिटं, कधी पाच. गाडीचा मालक माझ्याकडं बघायचा. मी दुसरीकडं बघायचो. मग ते उठायचे, टाकीवर उमटलेला गालाचा घाम बाहीनं पुसायचे आणि म्हणायचे, "चांगली हाय. पर माझी न्हवं."

असं वर्षभर चाललं.

लढाई नुकतीच संपली होती. मी पलटणीत निरोप पोचवायच्या मोटारसायकलीवर होतो. तीन-चार वर्षं वाळूतनं आणि चिखलातनं गाडी हाकून परत आलो, तेव्हा उंब्रजला घरी ऊस उभा होता, दोन भाऊ शेत बघत होते आणि माझं तिथं काही काम नव्हतं. मिरज जंक्शनला पार्सल हापिसात नोकरी लागली आणि खोली मिळाली ती सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत, चाचांच्या माडीवर. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची म्हणून मीही म्हणू लागलो. वय पन्नाशीच्या थोडं पुढं. उंच, बारीक, किंचित पुढं झुकलेले. बोटांची टोकं पॉलिशनं कायमची तपकिरी झालेली. त्यांचे वडील आणि आजे तंबोरेच करत आले होते. मुली लग्न होऊन बेळगावला आणि कोल्हापूरला गेल्या होत्या. घरात चाचा आणि चाची. चाचा लाकूड कोरायचे आणि चाची त्यावर पांढऱ्या पट्ट्यांची वेलबुट्टी बसवायची.

माझ्या खोलीच्या बरोबर खाली त्यांचं काम चालायचं आणि तिथल्या तुळयांना भोपळे टांगलेले असायचे. तंबोऱ्याच्या बुडाला जो मोठा गोल भोपळा असतो, तो असा वर्षानुवर्षं वाळवावा लागतो. प्रत्येक भोपळ्यावर खडूनं तो जिथनं आला त्या गावाचं नाव लिहिलेलं. मी राहायला गेलो त्याच दिवशी चाचा जिन्यात आले आणि म्हणाले, "वर जरा हळू चालत जा, फौजी. खाली भोपळे झोपल्यात." मी हसलो. पण एका दुपारी चटईवर पडलो असताना कूस बदलली, फळी हलली आणि खालनं इतका मंद घुमारा उठला की मला आधी वाटलं, आपल्याच छातीतनं येतोय. त्यानंतर मी अनवाणी चालू लागलो. सुटीच्या दिवशी तिथं पडून राहिलं की फळ्यांच्या फटीतनं लाकडाचा भुसा उन्हात तरंगत वर यायचा, पॉलिशचा वास यायचा, खाली कुणीतरी एकच तार पुनःपुन्हा छेडायचं, आणि आपण जागे आहोत की नाही हे कळायचं नाही.

चाचांच्या तऱ्हा अनेक होत्या. ते बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडं न बघता तोंडाकडं बघायचे. विचारलं एक की उत्तर दुसरंच. मी एकदा विचारलं, आज ढग दिसतायत, पाऊस येईल का? तर म्हणाले, झाली असंल भाकरी, चाचीला विचारा. गप्पा रंगात आल्या असताना मधेच उठून चालू लागायचे. गल्लीतली माणसं म्हणायची, कलावंत माणूस आहे, त्याचं मन दुसरीकडंच असतं. मोठमोठे गवई त्यांच्याकडं तंबोरे करून घ्यायला यायचे. त्यांच्यापुढंही चाचा असेच. एखादा गवई तासभर आपल्या आवाजाबद्दल सांगत बसला की चाचा त्याच्या गळ्याच्या हाडाकडं बघत राहायचे आणि शेवटी एवढंच म्हणायचे, "वरसानं या."

मी निरोप्या होतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं, तशी एक दिवस ते माडीवर आले. गाडी कशी निवडायची ते शिकवा, म्हणाले. कुणाला घ्यायचीय, असं मी विचारलं. मलाच, म्हणाले. चांगले भोपळे भीमेकाठच्या मळ्यांत होतात. व्यापारी वेलावरचेच बघून उचलतात आणि मिरजेला येतो तो उरलेला माल. आपली गाडी असली की आपण वेलापाशी जाऊ, हात लावून बघू, हवा तो घेऊ. मी म्हणालो, चाचा, या वयात नव्यानं शिकायचं म्हणजे सोपं नाही. ते म्हणाले, गाणं शिकायला तंबोरा घेणारीबी पन्नाशीची माणसं बघितल्यात मी.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या काळात गाड्या थोड्या. नवी तर दिसायचीच नाही. कुणाकडं आहे असं कळलं की चाचा स्वच्छ सदरा घालायचे आणि आम्ही सायकलवर डबलसीट निघायचो. सांगलीत हळदीच्या एका व्यापाऱ्याची गाडी वखारीत उभी होती. वर्षानुवर्षं हळदीची भुकटी बसून ती दिव्यापासून मडगार्डापर्यंत पिवळीधमक झाली होती. मी फडकं घेऊन पुसायला गेलो तर चाचांनी माझा हात धरला. बराच वेळ ते तिच्याभोवती फिरले, गाल लावला, गालाला हळद लागली, तशीच राहू दिली. बाहेर आल्यावर म्हणाले, "तिची हळद अजून उतरायची हाय. आपुन कुठं मांडवात घुसायचं?" गाडी खरोखरच बरी होती. मला राग आला होता. परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोललो नाही आणि ते मागं बसून पिवळा गाल घेऊन हसत होते.

एका डॉक्टरची गाडी बघितली, एका छापखानेवाल्याची बघितली. छापखानेवाल्यानं विचारलं की हे गृहस्थ नमाज पढतायत की गाडी घेतायत. मी सांगितलं, घेतायत.

साताऱ्याला एका निवृत्त सुभेदारांकडं चांगली गाडी आहे असं मला पलटणीतल्या एका दोस्ताकडनं कळलं. आम्ही रेल्वेनं गेलो, पुढं टांग्यानं. सुभेदारांचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी, चढावर. गाडी पडवीत होती, वर गोधडी घातलेली. त्यांनी गोधडी काढली तेव्हा मी मनात म्हटलं, हीच. निकेलवर एक ओरखडा नव्हता. त्यांच्या मुलाची होती. मुलगा लढाईवर जाताना ठेवून गेला आणि तिकडंच राहिला. सुभेदार स्वतः चालवत नव्हते, पण रोज सकाळी पूजा झाली की एकदा सुरू करायचे, थोडा वेळ चालू ठेवायचे आणि बंद करायचे. आता सुनेच्या माहेरच्यांनी सांगितलं होतं की हे बरं नाही, विकून टाका.

त्यांनी गाडी सुरू केली आणि ते चार पावलं मागं जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. चाचांनी टोपी काढली, गाल लावला, डोळे मिटले. त्या दिवशी फार वेळ गेला. पडवीपुढच्या पेरूच्या झाडाची पानं धुरात हलत होती. आतनं एक बाई दारापर्यंत आली आणि परत गेली. शेवटी चाचा उठले ते सरळ सुभेदारांपुढं जाऊन उभे राहिले.

"सुभेदारसाब, ही घरातच असू द्या," ते म्हणाले. "रोज सुरू करता, तशीच करत जावा. कुणी काय म्हणंल ते म्हणू द्या."

सुभेदारांनी गाडी बंद केली. त्यांनी गोधडी परत घातली, तिची चारी टोकं नीट ओढली आणि आम्हाला चहा घ्यायला आत बोलावलं.

साताऱ्याहून आम्ही मोटारीनं उंब्रजला उतरलो. माझ्या चुलतभावानं लष्कराची एक जुनी गाडी मिळवली होती. म्हटलं, घ्यायची तेव्हा घेऊ, आधी चाचांना शिकवू तरी. आमच्या आईनं त्यांना ताकाची कढी आणि भाकरी वाढली, तर त्यांनी रिकामी परात उचलून बोटानं वाजवून बघितली. आई पुढं कित्येक दिवस ते सांगून हसायची.

सकाळी आम्ही हमरस्त्यावर गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वडाची जुनी झाडं; खाली हिरवट सावली; पारंब्यांतनं उन्हाचे कवडसे. चाचा हातानं काम करणारा माणूस. क्लच, गिअर, ब्रेक त्यांना अर्ध्या तासात समजलं. दोन-तीनदा गाडी बंद पडली, मग पडेना. मी मागं बसायचो, मग उतरलो. ते एकटेच हळूहळू पुढं गेले, रस्त्याच्या अगदी मधनं, ताठ बसून. मी मागनं चालत होतो. इतका सुंदर दिसत होता तो माणूस त्या सावलीत, की थांबून बघत राहावं.

मागनं प्रवाशांची सर्व्हिस मोटार आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी बाजूला झालो. चाचा मधेच. पुन्हा हॉर्न, लांबलचक. मी ओरडलो, "चाचा, कडेला घ्या." पळत सुटलो, पुन्हा ओरडलो. ते तसेच चालले होते, शांत, जसं काही त्या रस्त्यावर जगात दुसरं कुणी नाही. शेवटच्या क्षणी ड्रायव्हरनं मोटार खाली घातली. ती दोन वडांच्या मधनं उसाच्या बांधावर चढली आणि कलती उभी राहिली. छतावरच्या करंड्या खाली आल्या. एका म्हातारीच्या कपाळाला खोक पडली. बाकी कुणाला काही झालं नाही. करंड्या पडताना चाचांनी डोळ्याच्या कडेनं बघितलं आणि मग थांबले. गाडी बंद करून ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं नवल होतं.

ड्रायव्हर खाली उतरला. "कानात बोळं घातल्यात काय रं म्हाताऱ्या?" तो म्हणाला.

चाचांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं. आणि तेवढ्यात मला सगळं कळलं. पाऊस आणि भाकरी, गवयांच्या गळ्याकडं बघणं, टाकीला लावलेला गाल. मी वर्षभर त्या माणसाच्या डोक्यावर राहत होतो आणि मला कळलं नव्हतं.

म्हातारीच्या कपाळाला चाचांनी स्वतः हळद लावली, मोटार ढकलायला खांदा दिला. मग आम्ही तारळी नदीवर जाऊन बसलो. मी त्यांच्या तोंडासमोर बसलो आणि सावकाश विचारलं, किती दिवस झाले?

"पैल्यांदा चिमण्या गेल्या," चाचा म्हणाले. "मला वाटलं, मिरजेतल्या चिमण्याच कमी झाल्या. चाचीला म्हनलो, अगं चिमण्या कुठं गेल्या? ती म्हनली, आवं दारात तर हाईत. मग वरची तार गेली. मग माणसं."

चार वर्षं झाली होती. खालचा स्वर अजून थोडा यायचा, जवळ बोललं तर शब्द कळायचे. तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथं टेकते ती जागा कानसीनं घासून घासून आवाज खुलवावा लागतो; त्याला जवारी काढणं म्हणतात, आणि तेच सगळं कसब. ते चाचा आता भोपळ्याला गाल लावून करायचे. शेवटची खात्री चाची करायची. ती उंबऱ्यात भाजी निवडत बसायची आणि मान हलवायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई भाजी बघतेय.

मग मोटारसायकल कशाला, मी विचारलं. ते नदीकडं बघत राहिले. लढाईच्या वर्षात मिरज स्टेशनबाहेर एका गोऱ्या शिपायानं गमतीनं त्यांना मागं बसवून फेरी मारली होती. "सगळ्या अंगात सूर आला, फौजी," ते म्हणाले. "हाडांत, दातांत. मी भोपळा झालो. तवापासनं दुसरं काय सुचत न्हाई." भीमेकाठचे भोपळे होतेच, पण ते निमित्त.

कुणाला सांगू नका, एवढं त्यांनी मागितलं. बहिऱ्याकडं तंबोरा कोण करायला टाकेल? मी शब्द दिला आणि पाळला. आता चाचा-चाची दोघंही नाहीत, म्हणून सांगतोय. पण दुसरी गोष्टही मी त्याच दमात सांगितली: चाचा, गाडी मी तुम्हाला मिळवून देणार नाही. आज मोटार शेतात गेली, उद्या कुणाचं पोर चाकाखाली जाईल. त्यांनी माझ्या ओठांवरचं सगळं वाचलं आणि उठून चालू लागले. या खेपेला ती तऱ्हा नव्हती.

मिरजेत परत आल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. जिन्यात भेटले तर बाजूला व्हायचे. खाली तार वाजेना. कानस चालायची ती ऐकू यायची, मग तीही थांबायची. तंबोरा न्यायला आलेला एकजण हात हलवत परत गेला. मी बरोबरच होतो. आजही मला तसंच वाटतं. पण बरोबर असून त्या खोलीत मला झोप लागत नव्हती.

महिनाभरानं चाची माडीवर आली. ती यापूर्वी कधी वर आली नव्हती. डोक्यावरचा पदर सावरून दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली की तुमी बोललात ते खरं हाय, मी तुमच्यावर रागावलेली न्हाई.

"एक इचारू? आणखी एक माणूस शेजारी बसंल, अशी काय गाडी असती का?"

"मागं बसता येतं की, चाची."

"मागं न्हवं. मागनं मला पुढचं काय दिसणार? शेजारी."

लष्करात जोडगाड्या असायच्या. मोटारसायकलीच्या डाव्या अंगाला तिसऱ्या चाकावर एक होडीसारखी बैठक. साहेबलोक त्यात बसायचे. आहे, मी म्हणालो.

कुपवाडच्या माळावर एका ठेकेदारानं लष्करानं टाकून दिलेल्या गाड्या आणून उभ्या केल्या होत्या. आम्ही तिघं टांग्यानं गेलो. पावसाळा सरत आला होता, गवत कमरेपर्यंत वाढलेलं आणि त्या गवतात ओळीनं गाड्या. कुणाच्या चाकातनं वेल वर चढलेला, कुणाच्या दिव्यात मुंग्यांचं वारूळ. वारा आला की सगळं गवत एका बाजूला वाकायचं आणि गाड्या चालू लागल्यासारख्या वाटायच्या. जोडगाड्या पाच होत्या. ठेकेदाराच्या माणसानं आणि मी खटपट करून त्यांतल्या तीन सुरू केल्या.

चाचांनी तिन्हींना गाल लावला. पहिली आवडली त्यांना; चेहऱ्यावरनंच दिसत होतं. वर्षभरात पहिल्यांदाच ते "माझी न्हवं" म्हणाले नाहीत. ते चाचीकडं वळले. चाची मात्र तोवर तिसऱ्या गाडीच्या होडीत जाऊन बसली होती. तिथनं उठून ती पहिलीत बसली, मग दुसरीत, मग परत तिसरीत. प्रत्येक वेळी तिनं चाचांना आपल्या जागेवर बसायला लावलं. ठेकेदाराचा माणूस तोंडाला रुमाल लावून हसत होता. तिसरी सगळ्यांत कुरूप होती. टाकीला पोचा, पुढचं मडगार्ड वाकडं.

"हीच," चाची म्हणाली.

चाचांनी तोंड वाकडं केलं. आवाज बरा न्हाई हिचा, म्हणाले.

चाचीनं होडीतनं हात लांब केला आणि चाचांच्या डाव्या कोपरावर ठेवला. "ह्यात बसलं की माझा हात इथपतूर पोचतो," ती म्हणाली. "त्या दोन्हीत पोचत न्हाई."

चाचा त्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी खिशातनं टोपी काढून डोक्यावर घातली.

खुणा चाचीनंच ठरवल्या. कोपरावर एक चापट म्हणजे मागनं गाडी. दोन म्हणजे समोर आवाज आहे, जपून. नुसतं धरून ठेवलं की थांब. महिनाभर मी त्यांच्यामागनं सायकलवर फिरलो, सकाळी लवकर, मोकळ्या माळावर. कधी बैलगाडीमागनं, कधी मुद्दाम ओरडत, कधी सायकलची घंटी वाजवत. एकदाही चाचीचा हात चुकला नाही. मिरजेत मात्र चेष्टा झाली. बायकोला साहेबासारखं बसवून हिंडवतो म्हणून मशिदीपाशी काही म्हातारे बोलले, गल्लीतल्या बायका खिडक्यांत गोळा व्हायच्या. चाचांना ते ऐकू येत नव्हतं. चाचीला येत होतं. त्यासाठी तिनं कधी चाचांच्या कोपरावर चापट मारली नाही.

भोपळ्यांच्या दिवसांत दोघं भीमेकाठी गेले. रेशनवरच्या पेट्रोलची चिठ्ठी मी खटपटीनं मिळवून दिली होती. आठ दिवसांनी संध्याकाळी गाडीचा आवाज आला तेव्हा मी माडीवर होतो. होडीत चाची दिसतच नव्हती; मांडीवर, पायांशी, पाठीमागं भोपळे, आणि मधे तिचा उन्हानं रापलेला चेहरा. भोपळे उतरवून आत नेले. मी मदत केली, मग दमलेल्या माणसांना त्रास नको म्हणून वर गेलो.

थोड्या वेळानं खालनं चाचीचा आवाज येऊ लागला. ती चाचांच्या कानाशी बसून सावकाश, एक एक शब्द मोकळा करून बोलत होती. त्यांचं आपसातलं बोलणं दखनी उर्दूत चालायचं. मी आठवेल तसं माझ्या भाषेत सांगतो. ती वाटेत काय काय वाजलं ते सांगत होती.

गाव सोडल्यावर एक मोट लागली, तिचं चाक कुरकुरत होतं. मग बाभळीच्या बनात मोर ओरडला, दोनदा. नदी ओलांडताना कुणीतरी धुणं आपटत होतं. माळावर काही नव्हतं, नुसता वारा. मग एक घर लागलं, एकटंच, तिथं आत पाळणा हलत होता आणि त्याची कडी वाजत होती.

चाचांनी तिला थांबवलं.

"कडी लोखंडाची व्हती का पितळंची?" त्यांनी विचारलं.

चाची आठवत होती.

"पितळंची," ती म्हणाली.